शटर बंद, आत माणूस

डिसेंबर उजाडला की जामखेडच्या बाजारपेठेत शटर खाली ओढल्याचे आवाज नेहमीपेक्षा तासभर आधीच ऐकू येऊ लागतात. एरवी रात्री उशिरापर्यंत रेंगाळणारे गिऱ्हाईक थंडीत लवकर घरचा रस्ता धरते. अहिल्यानगर जिल्ह्यात या दिवसांत पहाटेचा पारा अनेकदा १० अंशांच्या खाली जातो आणि बालाघाटाच्या अंगाने येणारे वारे उघड्या माळावर आणखी बोचरे वाटते.

नाताळसाठी अख्खा बाजार बंद ठेवण्याची रीत इकडे नाही. पण पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली मुले वर्षअखेरच्या शिल्लक रजा टाकून गावी येतात, मग चार दिवस कोकण, नाहीतर गोवा, नाहीतर अक्कलकोट-गाणगापूर ठरते. एरवी वर्षभर गल्ला न सोडणारा दुकानदार या दिवसांत दुकान बंद करून निघतो. निघताना तो काय काय पाहतो? गल्ल्यातली रक्कम, तिजोरी, कॅमेरे चालू आहेत का, दोन्ही बाजूंची कुलपे. ही सगळी तयारी चोराविरुद्धची. आग, धूर आणि विषारी वायू यांच्याविरुद्ध त्यातले एकही कुलूप चालत नाही. कधीकधी तर तेच कुलूप घात करते, कारण बंद शटरच्या आत बऱ्याचदा कोणीतरी झोपलेले असते.

कोण असते ते? दुकानाचा रखवालदार, परगावचा कामगार, बेकरीतली पोरे, हॉटेलातला आचारी, फर्निचरच्या दुकानातला उत्तरेकडून आलेला कारागीर. भाड्याची खोली परवडत नाही, मालकालाही राखण हवी असते, म्हणून पोटमाळ्यावर अंथरूण पडते. उन्हाळ्यात हीच माणसे ओट्यावर किंवा गच्चीवर झोपतात. थंडीत आत येतात आणि शटर खाली घेतात. गाळ्यात माणूस असण्याचे आणि गाळा घट्ट बंद असण्याचे दिवस असे एकाच महिन्यात येतात.

याची किंमत महाराष्ट्राने डिसेंबरातच अनेकदा मोजली आहे. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या एका दुकानाला आग लागली. आत झोपलेले १२ कामगार गेले. त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी, २८ डिसेंबरची मध्यरात्र उलटल्यावर, लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटला आग लागून १४ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील अनेक जण जीव वाचवण्यासाठी स्वच्छतागृहात शिरले होते आणि तिथेच गुदमरले. ३१ डिसेंबर २०२३ ला, सारे जग नव्या वर्षाची वाट पाहत असताना, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्यात रात्री झोपलेल्या सहा कामगारांना बाहेर पडता आले नाही. आणि ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री गोव्यात हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीत २५ जणांचा बळी गेला. त्यांत पर्यटक थोडे, तिथे राबणारे कर्मचारीच जास्त होते.

महिन्याचा दोष आहे असे नाही. आपल्याच जिल्ह्यात नेवासा फाट्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये फर्निचरच्या दुकानाला रात्री आग लागली आणि त्याच इमारतीत राहणाऱ्या एका कुटुंबातील पाच जणांचा अंत झाला. तेव्हा थंडी नव्हती. पण खाली माल, वर किंवा मागे बिऱ्हाड, आणि बाहेर पडायला पुढचाच एक रस्ता ही रचना जामखेडपासून खर्ड्यापर्यंत आणि कर्जतपासून पाथर्डीपर्यंत कुठल्याही बाजाररस्त्यावर दिसते.

आगीत माणूस भाजून मरतो अशी आपली समजूत असते. बहुतेक वेळा ज्वाळा पोहोचण्याआधीच धूर पोहोचलेला असतो. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरच्या कपडे शिवण्याच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जण दगावले. त्यांत दोन लहान मुले होती. आग त्यांच्या मजल्यापर्यंत गेलीच नव्हती, ते गुदमरून गेले, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले होते.

धूर म्हणजे नुसती काजळी नव्हे. फोमची गादी, नायलॉनचे कापड, लोकर असे नायट्रोजन असलेले पदार्थ जळताना हायड्रोजन सायनाइड बाहेर पडतो. तो पेशींना ऑक्सिजन वापरूच देत नाही. प्लॅस्टिकच्या काही प्रकारांतून आम्लाच्या वाफा निघतात आणि डोळे उघडे ठेवणे अशक्य होते. जवळजवळ प्रत्येक आगीत, विशेषतः हवा कमी पडणाऱ्या बंद खोलीत, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने या वायूला धरून ठेवते. फुप्फुसे चालू असतात, हृदय धडधडत असते, पण रक्ताच्या गाड्या भलताच माल भरून निघालेल्या असतात. मेंदूला पहिला फटका बसतो. माणूस गोंधळतो, दार समोर असून सापडत नाही, पायांतले बळ जाते.

झोपलेल्याचे तर आणखी अवघड. ‘वास आला की जाग येईलच’ हा भरवसा खोटा आहे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये झोपलेल्या लोकांना तीव्र वास देऊन पाहिले. नुकत्याच डोळा लागलेल्यांना तो जाणवला, गाढ झोपेतल्यांना नाही. आवाजाने मात्र ते जागे झाले. धुराची सूचना देणारी यंत्रे कर्कश ओरडतात ती याचसाठी. बॅटरीवर चालणारे असे एखादे यंत्र पोटमाळ्याच्या छताला लावायला दोन स्क्रू लागतात. आपल्याकडे दुकानाच्या दर्शनी भागाला लखलखीत दिवे लावणारा माणूसही हे यंत्र लावायला विसरतो, कारण ते गिऱ्हाइकाला दिसत नाही.

थंडीत या वायूला आगीचीही गरज लागत नाही. घमेलेभर कोळसे पुरतात.

रात्री अकरापर्यंत रखवालदार बाहेर शेकत बसतो. मग वारा सुटतो, अंग आखडते, आणि धगधगते कोळसे घमेल्यात घेऊन तो आत येतो. लाकूड धुमसत असते तर डोळ्यांत पाणी आले असते, खोकला आला असता, आणि त्याने ते बाहेर ठेवले असते. कोळशाला धूर नाही. धूर नाही म्हणून तो निर्धोक वाटतो, आणि इथेच फसगत होते. लाल निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, तो नाकाला झोंबत नाही.

किती कोळसा लागतो? साधा हिशेब करता येतो. दहा बाय बारा फुटांचा, दहा फूट उंचीचा गाळा घेतला तर आत १२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ हजार लिटर हवा मावते. या हवेत हजारात एक भाग कार्बन मोनॉक्साइड झाला तर ती पातळी काही तासांत प्राणघातक ठरू शकते. हजारात एक म्हणजे ३४ लिटर. एवढा वायू तयार व्हायला रसायनशास्त्राच्या हिशेबाने जेमतेम १७ ग्रॅम कार्बन लागतो. शेगडीतला सगळा कार्बन या वायूत बदलत नाही, बहुतेकाचा कार्बन डायऑक्साइड होतो. दहावा हिस्साच बदलला असे धरले तरी १७० ग्रॅम झाले. कोळशात राख, ओलही असते, म्हणून २०० ग्रॅम धरू. घमेल्यात याच्या कितीतरी पट जास्त कोळसा असतो. हा हिशेब हवा अजिबात खेळती नाही असे मानून केलेला आहे, आणि शटरच्या फटीतून थोडी हवा येते हे खरे. पण कडाक्याच्या थंडीत त्याच फटीत गोणपाट कोंबलेले असते, आणि गाळा मालाने भरलेला असेल तर आतली हवा ३४ हजार लिटरपेक्षा बरीच कमी असते.

जमिनीवर झोपले तर बरे, अशी एक समजूत आहे. ती आगीच्या धुराबाबत खरी आहे. तापलेला धूर वर चढतो, म्हणून धुरातून बाहेर पडताना रांगत जावे. कार्बन मोनॉक्साइड मात्र हवेपेक्षा अगदी किंचित हलका असतो, त्यामुळे तो साऱ्या खोलीत सारखा मिसळतो. त्याच्यापासून सुटका खाली नाही आणि वरही नाही. बाहेर पडणे एवढीच.

लक्षणे ओळखणे अवघड जाते, कारण ती कशाचीही असू शकतात. डोके दुखते, गरगरते, मळमळते, उलटी होते. रात्रीच्या भेळीला दोष दिला जातो. ओळखण्याची एक खूण मात्र चांगली आहे. एका खोलीत झोपलेल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास होऊ लागला आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटले, तर शंका घ्यावीच. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत पोटातल्या बाळाला आईपेक्षा जास्त धोका असतो, त्यामुळे आईला ‘थोडेसेच डोके दुखले’ म्हणून सोडून देऊ नये.

करोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे दगा देते. ते यंत्र प्रकाशाच्या आधारे रक्त किती ‘भरलेले’ आहे ते मोजते. ऑक्सिजनने भरलेले आणि कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्त त्याला जवळपास सारखेच लाल दिसते. रोगी अत्यवस्थ असताना पडद्यावर ९८ आकडा दिसू शकतो. म्हणून माणसाला बाहेर काढून १०८ ला फोन केला की डॉक्टरांना पहिले वाक्य सांगायचे ते हे, की बंद खोलीत कोळसा जळत होता. मग ते आकड्याकडे न पाहता भरपूर ऑक्सिजन सुरू करतात आणि रक्ताची वेगळी तपासणी करून घेतात. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तेच काम तास-दीड तासात होते. बरे वाटले म्हणून लगेच घरी निघू नये. विसरभोळेपणा, चिडचिड, चालण्यात फरक अशी लक्षणे काहींमध्ये काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसतात.

जामखेड हे ज्वारीचे गाव. तूर, उडीद, हरभराही येथे येतो. त्यामुळे इथल्या गाळ्यांना आणखी एक धोका आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. दुकान चार दिवस बंद राहणार असेल तर धान्य व्यापाऱ्याच्या मनात येते, की आताच पोत्यांत किडीच्या गोळ्या ठेवून घ्याव्यात. परत येईपर्यंत सोंडे, पोरकिडे सारे साफ. या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम. हा वायू हवेपेक्षा थोडा जड असतो आणि भिंतीतल्या भेगा, वायरच्या पाइपांची भोके, पत्र्याखालच्या फटी यांतून शेजारच्या गाळ्यात किंवा वरच्या खोलीत सहज जातो. व्यापारी गोव्यात असतो, आणि भिंतीपलीकडे चपलांच्या दुकानाच्या माळ्यावर झोपलेल्या मुलाला पहाटे उलट्या सुरू होतात. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येऊ शकतो, पण दरवेळी येतोच असे नाही. अनेकदा ‘जेवणातून विषबाधा’ असे निदान आधी होते आणि मोलाचे तास जातात. फॉस्फीनवर उतारा असे औषध नाही. डॉक्टर रक्तदाब आणि श्वास सांभाळू शकतात, तेवढेच. म्हणूनच या गोळ्या सर्वसामान्यांनी विकत घेऊन वापरायच्या नाहीत. सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीटकनियंत्रक यांनीच त्या वापराव्यात, असा नियम आहे. बाजारात त्या सहज मिळतात हा भाग वेगळा. निदान जिथे शेजारी, मागे किंवा वर कोणी झोपते तिथे त्या ठेवूच नयेत. गोदाम वेगळे असेल आणि माहितगार माणूस काम करत असेल, तरी शेजाऱ्यांना आधी सांगावे आणि दारावर ठळक अक्षरांत तारखेसह पाटी लावावी.

आता वायरिंगकडे. बंद दुकानात आग कशी लागते, असे दुसऱ्या दिवशी सारेच विचारतात, आणि ‘शॉर्टसर्किट’ हा शब्द उत्तर म्हणून फेकला जातो. हा शब्द इतका सोयीचा झाला आहे की त्यापुढे चौकशीच थांबते. खरे कारण पुष्कळदा सैल झालेला जोड असतो. तारेतून विजेचा प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. ज्या ठिकाणी स्क्रू ढिला आहे किंवा टेप गुंडाळून जोड दिलेला आहे, तिथे अडथळा जास्त, म्हणून तापही तिथेच जास्त. प्रवाह मर्यादेतच असतो, त्यामुळे एमसीबी पडत नाही. ती ‘चालू’ असते आणि जोड मात्र आतल्या आत भाजत राहतो. काळवंडलेला प्लग, बोर्डाजवळ जळकट वास, दिव्याची फडफड या त्याच्या आधीच्या हाका असतात. हिवाळ्यात एका बोर्डावर गिझर, हीटर आणि वर सजावटीच्या माळा आल्या की हे सारे लवकर घडते. त्यात उंदीर. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून त्यांना सतत काहीतरी कुरतडावे लागते, आणि थंडीत ते शेतातून उबेला आत येतात. तारेवरचे आवरण त्यांना पुरते.

सुट्टीवर जाताना मेन स्विच बंद करणे हा सर्वांत सोपा उपाय. लोक तो करत नाहीत, कारण फ्रिज आणि कॅमेरे चालू राहायला हवे असतात. या दोन गोष्टींची वेगळी लाइन काढून घेतली तर बाकी सारे दुकान निर्धास्तपणे बंद करता येते. हे काम तार-मिस्त्रीचे अर्ध्या दिवसाचे. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून बॅटरी बंद कपाटात ठेवू नये. इलेक्ट्रिक स्कूटर रात्रभर दुकानात चार्जिंगला लावून शटर ओढणे हा नवा प्रकार गावोगाव सुरू झाला आहे. ती पेटली तर तिच्या धुराला बाहेर पडायला जो रस्ता असतो, नेमका तोच वर झोपलेल्यांचा जिना असतो. आणि एक जुना प्रकार: गल्ल्यावरच्या तसबिरीपुढे लावलेला दिवा आणि उदबत्ती. देवाला नमस्कार करून निघताना तो दिवा शांत करावा. त्यात अशुभ काही नाही.

हे सारे झाले तरी मूळ प्रश्न राहतो तो शटरचा. आत माणूस असताना शटरला बाहेरून कुलूप लावण्याची पद्धत कित्येक ठिकाणी आहे. कारण सांगितले जाते की कामगार रात्री बाहेर भटकतात, किंवा मालाची खात्री. हे कारण कोणत्याही तराजूत टिकत नाही. आगीत पत्र्याचे शटर तापून वाकते आणि पट्टीत अडकते. मग आतून दोघांनी रेटा दिला तरी ते उचलत नाही. बटणावर चालणारे शटर वीज गेली की हलत नाही आणि त्याला हाताने फिरवायची जी कळ असते ती कुठे आहे हे बहुतेक वेळा मालकालाच ठाऊक असते. जिथे माणूस झोपतो तिथे आतून, किल्लीशिवाय उघडणारे दुसरे दार हवे. ते दार मागच्या बोळात उघडत असेल तर त्या बोळात रिकामी खोकी रचलेली नसावीत. आणि दुसरे दार करणे शक्यच नसेल, तर त्या गाळ्यात कोणाला झोपू देऊ नये. यावर मधला मार्ग शोधण्यात अर्थ नाही. चार जणांच्या खोलीचे महिन्याचे भाडे आणि जळालेल्या एका गाळ्याचा खर्च यांची तुलना व्यापाऱ्याला शिकवावी लागू नये.

कायदा या बाबतीत मुका नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार त्याच्या कक्षेत येणाऱ्या इमारतींच्या मालकाने किंवा भोगवटादाराने आपल्या अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे असते. त्याला ‘नमुना ब’ म्हणतात. जानेवारीचा हा कागद नेमका सुट्टीच्या पाठोपाठ येतो, आणि अनेक संकुलांत तो गेल्या वर्षीचा पाहून नव्याने टाइप होतो. भिंतीवरच्या लाल सिलिंडरची सुई हिरव्या पट्ट्यात आहे का, एवढे पाहायला मात्र कोणत्याही संस्थेची वाट पाहावी लागत नाही. ते सिलिंडर दाराजवळ हवे. बऱ्याच दुकानांत ते आत कोपऱ्यात, पोत्यांच्या मागे टांगलेले असते, म्हणजे ते घ्यायला आगीच्या दिशेने जावे लागते. विजेच्या आगीवर पाणी मारू नये, पावडरचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर ज्वाळेच्या बुडाशी मारावे. एका सिलिंडरमध्ये आग आटोक्यात आली नाही तर बाहेर पडावे, जाताना दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा.

पण हे सगळे कोणाला ठाऊक असायला हवे? जामखेडचे नाव जगभरातल्या सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांना माहीत आहे ते डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांच्यामुळे. १९७० मध्ये त्यांनी येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातल्या, फारशा न शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. रोग दवाखान्यात येण्याआधी घराच्या उंबऱ्यावर अडवायचा, आणि ते काम गावातल्याच माणसाने करायचे, अशी ती रीत होती. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या गावात हे घडले तिथे अग्निसुरक्षेची माहिती मात्र मालकाच्या फाइलमध्ये राहते आणि माळ्यावर झोपणाऱ्या माणसाला सिलिंडरची पिन कशी ओढायची हे कोणी दाखवलेले नसते. तो मुलगा अनेकदा मराठी वाचत नाही, त्यामुळे भिंतीवरच्या सूचनेचा त्याला उपयोग नाही. दिवे बंद करून, त्याच्या पायांनी माळ्यावरून दारापर्यंत त्याला एकदा चालायला लावणे हे कोणत्याही पाटीपेक्षा बरे. मालक गावाला जाणार असेल तर दुसरी किल्ली आणि फोन नंबर शेजारच्या दुकानदाराकडे असावेत, आणि शेजाऱ्याला हेही ठाऊक असावे की आत कितीजण झोपतात. अग्निशमन दलाचा पहिला प्रश्न तोच असतो.

त्याला उबेसाठी काय द्यायचे, हा प्रश्न उरतोच. कोळशाचे घमेले बाहेर ठेव एवढे सांगून थंडी कमी होत नाही. जाड सतरंजी, दोन चांगली ब्लँकेटे, कानटोपी, पायमोजे आणि जमिनीपासून उचललेली लाकडी फळी किंवा खाट. थंड फरशी अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेते, त्यामुळे अंगावरच्या पांघरुणाइतकेच अंगाखालचे अंथरूण महत्त्वाचे असते.

सहलीवरून परत आल्यावर शटर वर ढकलले की आधी बत्ती लावण्याकडे हात जातो. हॉटेल असेल, आत गॅसची टाकी असेल, तर तो हात थांबवावा. गॅस हवेपेक्षा जड असतो आणि तो जमिनीलगत साचतो. उभ्या माणसाच्या नाकाला वास यायच्या आधीच पायांशी तळे झालेले असू शकते. बटण दाबतानाची ठिणगी त्याला पुरते. शटर पूर्ण वर करून, मागचे दार उघडून, दहा मिनिटे बाहेर थांबावे. लॉज असेल तर नळ आणि शॉवर काही मिनिटे सोडून पाइपांत साचलेले पाणी वाहू द्यावे, आणि गिझरचे पाणी ६० अंशांपर्यंत तापू द्यावे. कोमट, साचलेल्या पाण्यात न्यूमोनिया करणारे लेजिओनेला जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून ते छातीत जातात. धान्याच्या गोदामात गोळ्या ठेवलेल्या असतील तर ते उघडण्याचे काम ठेवणाऱ्यानेच करावे. तोवर समोरच्या टपरीवर चहा होतो, चार दिवसांच्या गप्पाही होतात, आणि पहिल्या गिऱ्हाइकाला थोडे थांबावे लागते.